स्नॉर्कलिंगचा मास्क चेहऱ्याला नीट बसतोय का? सारखे विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकली की माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. ताई आम्ही डिसेंबरमधे मालवणला चाललोय, मास्क इथूनच घेऊन जाऊ का तिथे मिळेल, कुठला घेऊ, मला चष्मा आहे तर काय करू. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवते. स्नॉर्कलिंग म्हणजे डोळ्यांवर आणि नाकावर मास्क लावून, तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघणं. मी इन्स्ट्रक्टर नाहीये, गेली १२ वर्षं मालवण-तारकर्ली आणि दोनदा अंदमान असं पाण्यात तोंड घालून फिरतेय, आणि घरातल्या, सोसायटीतल्या बऱ्याच जणांना मास्क घेताना सोबत गेलेय, त्यात जे पक्कं कळलं तेवढंच इथे आहे.

मास्कचं एवढं काय, बोटीवर जो देतील तो घालायचा ना?

माझ्या मावशीचं सांगते. ती पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा ५८ वर्षांची होती, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी. नाशिकला गोदावरीत पोहायला शिकलेली बाई, पाण्याला अजिबात घाबरत नाही. बोटीवर निळ्या बादलीत मास्क होते, त्यातला वरचा उचलून तिला दिला. तोंड पाण्यात घातल्या घातल्या नाकाजवळून पाणी आत, वर आली, बोटवाल्या मुलाने पट्टा करकचून ओढला, परत खाली, परत पाणी, या वेळेला खारं पाणी नाकातून थेट घशात. खोकून खोकून डोळे लाल झाले तिचे. मग लाइफ जॅकेट काढून बोटीत बसून राहिली आणि आम्ही सगळे वर आल्यावर म्हणाली, माझं वय झालं गं आता, मला नाही जमायचं.

वयाचा काही संबंधच नव्हता. तिचा चेहरा लहान आणि अरुंद, गालाची हाडं वर आलेली, आणि तो मास्क एखाद्या रुंद चेहऱ्याच्या पुरुषाचा. पुढच्या वर्षी तिच्या मापाचा मास्क घेऊन गेलो, ४० मिनिटं वर यायचं नाव घेईना. म्हणून मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं, की मास्क गळतो तेव्हा लोक स्वतःला दोष देतात, आपल्याला जमत नाही, आपण घाबरट आहोत असं, आणि कायमचं सोडून देतात. दहातले कितीतरी जण फक्त चुकीच्या मापापायी हा आनंद गमावून बसतात.

पोहायचा गॉगल आहे माझ्याकडे, तो नाही का चालणार?

नाही, आणि कारण समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपला डोळा हवेत बघण्यासाठी बनलाय, डोळ्याला थेट पाणी लागलं की सगळं पुसट दिसतं, म्हणून डोळ्यासमोर हवेचा कप्पा लागतो. हे काम गॉगल पण करतो. पण गॉगलमधे नाक बाहेर राहतं. तुम्ही जरा खाली बुडी मारलीत की पाण्याचा दाब वाढतो आणि आतली हवा आक्रसते, ३ मीटर खाली गेलात तरी जवळपास पाव हिस्सा आक्रसते. मास्कमधे नाक आत असतं म्हणून नाकातून थोडी हवा सोडली की दाब सारखा होतो. गॉगलमधे ती हवा सोडायची सोयच नाही, मग गॉगल डोळ्यांभोवतीची कातडी ओढतो, डोळ्यांत रक्त उतरल्यासारखे लाल ठिपके येऊ शकतात.

आणि दुसरं म्हणजे नाक झाकलेलं असलं की सवयीने नाकाने श्वास घेतला तरी पाणी आत जात नाही. नवख्या माणसाला याचा फार आधार वाटतो.

जाता जाता, पाण्यात मासा खऱ्यापेक्षा साधारण एक तृतीयांश मोठा आणि पाव अंतराने जवळ दिसतो, पाणी आणि हवेच्या सीमेवर प्रकाश वाकतो म्हणून. तेव्हा हात लांब करून माशाला लागला नाही तर मास्क खराब नाहीये.

दुकानात मास्क बसतोय का हे बघायचं कसं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, त्यामुळे जरा सविस्तर.

पहिल्यांदा पट्टा मागे न घालता पुढच्या बाजूला काचेवर उलटवून टाका, तो मधे येता कामा नये. केस कपाळावरून मागे घ्या. मान वर करून छताकडे बघा आणि मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवा, दाबायचा नाही. आता तो स्वतःच्या वजनाने बसलाय. सोबत कोणी असेल तर त्यांना चारी बाजूंनी बघायला सांगा, कानशिलाजवळ फट दिसते का, गालाच्या हाडाखाली मास्कची मऊ कड उचललीय का, नाकाखाली ओठाच्या वर कड नीट टेकलीय का. एकटे असाल तर मोबाइलचा कॅमेरा लावून बघा. मावशीच्या वेळी मी हेच केलं, पहिल्या तीन मास्कमधे तिच्या कानशिलाजवळ माझी करंगळी जाईल एवढी फट होती आणि ते दाबून चिकटवले तर चिकटतही होते.

मग मान सरळ करा, मास्क हाताने अलगद धरा, नाकाने अगदी हलका श्वास आत ओढून रोखा आणि हात सोडा. मास्क जागेवर राहिला पाहिजे आणि श्वास रोखलाय तोपर्यंत हळूहळू सुटता कामा नये.

त्यानंतरची गोष्ट बरेच जण विसरतात, ती म्हणजे तोंडात स्नॉर्कलची नळी घेऊन परत हेच करा. नळी दातात धरली की ओठ पुढे येतात, गाल ताणले जातात, वरच्या ओठाचा आकारच बदलतो. नळी नसताना मस्त बसलेला मास्क नळी घेतल्यावर नाकाखालून सुटताना मी कितीदा तरी पाहिलाय. दुकानदार नळी तोंडात घालू देणार नाही हे उघड आहे, तर स्वतःची घेऊन जा, नाहीतर अंगठा दातात धरून ओठ तसे करा.

शेवटी पट्टा लावून दोन-तीन मिनिटं तसेच उभे राहा. नाकाच्या दांड्यावर फ्रेमचं प्लास्टिक टेकतंय का, भुवयांच्या मधे टोचतंय का, नाकाचा शेंडा आत दाबला जातोय का, पापण्या काचेला लागतायत का. दुकानात दोन मिनिटांत जे किंचित खुपतं ते पाण्यात अर्ध्या तासाने असह्य होतं. आणि मास्कमधे नाकासाठी जो मऊ खिसा असतो त्यावरून दोन बोटांनी नाक चिमटीत पकडता येतंय ना ते पण बघा, बुडी मारल्यावर दाबाने दडे बसलेले कान मोकळे करायचे तर ते लागतंच.

श्वास ओढल्यावर चिकटला म्हणजे झालं, असंच सगळे सांगतात ना?

सांगतात, पण अर्धवट सांगतात. जोरात श्वास ओढलात तर जवळजवळ कुठलाही मास्क चिकटतो. मऊ सिलिकॉन असेल तर नक्कीच. पाण्यात तुम्ही काही सतत नाकाने हवा खेचत राहणार नाही, तिथे कड आपली आपण टेकलेली पाहिजे. म्हणून आधी छताकडे बघून न दाबता ठेवायचा आणि श्वास ओढायची पाळी नंतर, आणि तोही अगदी फूल हुंगतो तेवढाच.

पट्टा किती घट्ट ठेवायचा? माझा मास्क गळतो म्हणून मी आवळतो.

उलटं होतंय तुमचं. पट्ट्याचं काम मास्क जागेवर ठेवणं एवढंच, पाणी अडवायचं काम सिलिकॉनच्या कडेचं. पट्टा आवळला की ती मऊ कड दुमडते, वाकडी होते आणि तिथूनच पाणी शिरतं, मग माणूस अजून आवळतो, अजून पाणी येतं. बोटीवर मुलं पण मदत म्हणून हेच करतात, त्यांचा हेतू चांगलाच असतो.

पट्टा डोक्याच्या मागे जिथे डोकं सगळ्यात फुगीर आहे तिथे बसवा, कानांच्या वरून. खाली मानेकडे घसरला की मास्क खाली ओढला जाऊन नाकाखाली कड सुटते. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बाहेर आल्यावर कपाळावर आणि गालावर खोल लाल वळ उठले असतील, तासाभराने पण जात नसतील, तर पट्टा जास्त घट्ट आहे किंवा मास्कच तुमचा नाही.

मला मिशी आहे. काढावीच लागेल का?

आमच्या बाबांचा प्रश्न! त्यांची मिशी लग्नाच्या आधीपासूनची, ती काढायचा विषय घरात कोणी काढत नाही. पहिल्याच दिवशी बोटीवरचे काका त्यांच्याकडे बघूनच म्हणाले, "मिशी आसा म्हणान पानी येता." आणि खरंच आहे ते, कड टेकते ती नाकाच्या बरोबर खाली, वरच्या ओठावर, आणि तिथे केस असले की केसांच्या मधून पाणी झिरपत राहतं.

पूर्ण काढायची गरज नाही. नाकपुड्यांच्या लगेच खाली जिथे कड टेकते तेवढीच बारीक पट्टी, अर्धा-पाऊण सेंटिमीटरची, साफ करायची, खालची मिशी तशीच राहते. बाबांनी आरशासमोर उभं राहून आईच्या शिलाईच्या छोट्या कात्रीने ती रेघ कापली, वर रेझर फिरवला, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाले, कळत पण नाही. खरंच कळत नव्हतं. तेवढं पण नको असेल तर डायव्हिंगच्या दुकानात शुद्ध सिलिकॉन ग्रीस मिळतं, ते मिशीच्या वरच्या भागाला थोडं चोळायचं, गळणं बरंच कमी होतं, अगदी बंद होईलच असं नाही. व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियम जेलीने मास्कचं सिलिकॉन हळूहळू खराब होतं.

दाढीचं टेन्शन घेऊ नका, मास्क ओठाच्या वरच संपतो. दोन-तीन दिवसांचे खुंट मात्र वरच्या ओठावर असतील तर ते पण त्रास देतात, तेव्हा त्या दिवशी सकाळी तेवढी जागा गुळगुळीत करून निघा.

चमकी, टिकली, लांब केस, तेल लावलेलं डोकं... यातलं काय चालतं?

चमकी नाकाच्या खिशात आतच राहते त्यामुळे त्यातून पाणी येत नाही, पण नाक चिमटीत धरताना टोचते आणि खडा टोकदार असेल तर सिलिकॉन फाटू शकतं. बारीक असेल तर राहू दे, नथ असेल तर काढून ठेवा, मंगळसूत्र पण रूमवरच ठेवलेलं बरं, लाइफ जॅकेटच्या बकलात अडकतं.

टिकली काढाच. ओली झाली की सुटते आणि काचेवर आतून चिकटते, मग पूर्ण वेळ डोळ्यासमोर लाल ठिपका.

केसांची एक बट जरी कडेखाली गेली तरी तिच्या बाजूने धार लागते. घालून झाल्यावर बोट फिरवून कपाळावरची प्रत्येक बट बाहेर काढा. अंबाड्यापेक्षा खाली सैल वेणी बरी, अंबाड्यावरून पट्टा घसरतो. रबराचा पट्टा केस उपटतो म्हणून त्यावर घालायचं कापडी कव्हर मिळतं, जाडसर ताणणारं, लांब केस असतील तर घ्याच, मला त्याशिवाय आता जमतच नाही.

आणि खोबरेल तेल, सनस्क्रीन, फाउंडेशन या सगळ्यांनी कड घसरते. सनस्क्रीन लावू नका असं म्हणत नाहीये, मालवणच्या उन्हात मानेची आणि पोटऱ्यांची सालं निघतात. पण मास्कखाली येणारी जागा, म्हणजे कपाळ, गालांचा वरचा भाग आणि वरचा ओठ, कोरडी ठेवा. पाण्यात विरघळून डोळ्यात गेलं तर जी आग होते ती वेगळीच. पाठीसाठी लांब बाह्यांचा पोहायचा टीशर्ट घाला म्हणजे सनस्क्रीन कमी लागेल आणि समुद्रात पण कमी जाईल. मालवणच्या समुद्राचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, खाली प्रवाळ आहेत, त्यांचा पण विचार करूया.

चष्मा आहे. मास्कच्या आत घालता येईल का?

चष्म्याच्या काड्या कडेखालून जातात त्यामुळे तो मास्क कधीच बंद होणार नाही. तारा-दोरे लावून आतमधे चष्मा बसवायचे उद्योग लोक करतात, करू नका, काच डोळ्याच्या इतक्या जवळ असते.

नंबर एक-सव्वा असेल तर नुसता साधा मास्क घालून उतरून बघा, पाण्यात सगळं मोठं आणि जवळ दिसतं त्यामुळे बऱ्याच जणांचं निभावतं. त्याच्या वर असेल तर दोन वेगळ्या काचांचा मास्क घ्या, त्यातल्या बऱ्याच मॉडेलना नंबरच्या तयार काचा मिळतात, जुनी काच काढून ती बसवायची. या काचा अर्ध्या अर्ध्या नंबरच्या टप्प्याने येतात, उणे ३, उणे साडेतीन अशा. नंबर मधला असेल, सव्वातीन वगैरे, तर खालचा, म्हणजे उणे ३चा, घेतला तरी भागतं. सिलिंड्रिकल नंबर या तयार काचांमधे नसतो. तो असेल तर साधारण हिशोब असा, की सिलिंडरचा अर्धा मूळ नंबरात मिळवायचा, म्हणजे उणे ३ आणि सिलिंडर उणे १ असेल तर उणे साडेतीन. तरी एकदा तुमच्या चष्मेवाल्याला विचारून घ्या, त्याला दोन मिनिटं लागतील.

पण एक लक्षात ठेवा, आधी चेहऱ्याला बसणारा मास्क आणि मग त्याला काचा मिळतात का ते. उलट्या क्रमाने घेतलेला मास्क माझ्या एका मैत्रिणीकडे कपाटात पडून आहे, काचा एकदम परफेक्ट आणि गाल दोन्हीकडून उघडे.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून चालेल?

बरेच जण घालतात. डोळ्याचे डॉक्टर पाण्यात लेन्स नकोच म्हणतात कारण मास्कमधे पाणी शिरलं तर लेन्सखाली जंतू अडकून डोळ्याला वाईट इन्फेक्शन होऊ शकतं. घालायच्याच असतील तर एक दिवस वापरून टाकायच्या मऊ लेन्स घाला, बाहेर आल्यावर लगेच फेका, आणि पाणी आत आलं तर डोळे मिटून घ्या. हार्ड लेन्स अजिबात नको.

सिलिकॉन आणि साधं प्लास्टिक यात खरंच एवढा फरक पडतो का?

खूप. स्वस्तातल्या सेटमधे पीव्हीसीची कड असते, ती कडक असते, चेहऱ्याच्या वळणाप्रमाणे वळत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत अजून टणक होते. सिलिकॉन हातात घेतलं की समजतं, कानाच्या पाळीसारखं मऊ, दुमडून सोडलं की लगेच पूर्ववत. पाकिटावर सिलिकॉन लिहिलेलं असलं तरी बोटाने कड दुमडून बघाच. काचेवर कुठेतरी बारीक अक्षरात टेम्पर्ड असं कोरलेलं असतं, ते पण बघा, ही काच फुटली तर तिचे धारदार सुळे होत नाहीत. प्लास्टिकच्या काचेवर ओरखडे लवकर पडतात आणि वाफही जास्त धरते.

बजेट कमी असेल तर पंखांवर (फिन्सवर) खर्च करू नका, नळी साधी घ्या, पैसे मास्कवर घाला. आणि महाग म्हणजे चांगला असंही नाही हो, माझ्या चेहऱ्याला दुकानातला सगळ्यात महाग मास्क बसला नाही, मधल्या किमतीचा बसला आणि तो ७ वर्षं चाललाय.

कड काळी घेऊ का पारदर्शक? काच एक का दोन?

आवडीचा भाग. पारदर्शक कडेतून बाजूने उजेड येतो, मोकळं वाटतं, ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी ती घ्यावी. काळ्या कडेत बाजूची चमक येत नाही, फोटो काढणाऱ्यांना आवडते. पारदर्शक सिलिकॉन काही वर्षांनी पिवळट पडतं, त्याने बिघडत काही नाही. काचेचं म्हणाल तर नंबर असेल तर दोन, नसेल तर जो बसेल तो.

पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेऊ का? नाकाने श्वास घेता येतो म्हणे.

येतो, आणि त्यामुळेच तो इतका खपतो. डिकॅथलॉनने २०१४ मधे ईझीब्रेथ आणला तेव्हापासून हा प्रकार सगळीकडे पसरला. २०२० मधे कोविडच्या लाटेत इटलीत याच मास्कला वेगळा जोड लावून दवाखान्यात पेशंटसाठी वापरलं होतं, तेव्हा कल्पना म्हणून ती हुशारीचीच आहे.

पण मी स्वतः वापरत नाही आणि मावशीला पण घेऊ दिला नाही. त्यात नाक चिमटीत धरता येत नाही, म्हणजे खाली बुडी मारायचं विसरा, पाण्यावर तरंगूनच बघायचं. आतली हवेची जागा मोठी असते, श्वास घ्यायचा आणि सोडायचा रस्ता वेगळा ठेवणाऱ्या झडपा नीट नसतील तर आपणच सोडलेली हवा परत आपल्या पोटात येते, डोकं जड होतं, धाप लागते. नकली, स्वस्त मालात हा धोका जास्त. आणि घाबरलात, पाणी शिरलं, तर साध्या सेटमधे नळी नुसती तोंडातून सोडून द्यायची असते, इथे अख्खा मास्क डोक्यावरून ओढून काढावा लागतो. दमा, हृदयाचा त्रास असेल तर तर नकोच. तरी घेणार असाल तर नावाजलेल्या कंपनीचाच घ्या, हनुवटीपासून भुवईपर्यंतचं माप त्यांच्या तक्त्याशी जुळवून घ्या आणि जोरात पोहू नका.

मुलांसाठी मोठ्यांचा छोटा मास्क चालतो का?

सहा-सात वर्षांच्या मुलाला तर नाहीच. मुलांचं नाक बसकं, गाल गोल, ओठ आणि नाक यातलं अंतर कमी, मोठ्यांचा मास्क त्यांच्या ओठांवरच टेकतो. मुलांचा वेगळा मास्क घ्या आणि वाढत्या मापाचा घेऊ नका, हे शाळेचे बूट नाहीत. दहा-बाराच्या पुढे अरुंद चेहऱ्याच्या बायकांसाठीचे जे मास्क असतात ते बऱ्याचदा मस्त बसतात.

आणि समुद्रावर जाऊन पहिल्यांदा चेहऱ्यावर चढवू नका, प्लीज. घरी आठवडाभर टीव्ही बघताना पाच मिनिटं घालू दे, मग घमेल्यात पाणी भरून त्यात तळाशी त्यांची खेळणी, गोट्या टाका आणि तोंड घालून शोधायला सांगा. माझा भाचा गोट्या मोजता मोजता नळीने श्वास घ्यायला शिकला, त्याला कळलं पण नाही.

आमच्या गावात दुकान नाही, ऑनलाइनच घ्यावा लागेल.

मग परत करायची सोय आहे ना ते आधी बघा. अरुंद चेहऱ्याचे असाल तर स्मॉल किंवा नॅरो असं लिहिलेले बघा. जमलं तर दोन वेगळ्या आकाराचे मागवा, घरी छताकडे बघायची टेस्ट करा, एक परत पाठवा. काच घासणं, पाण्यात बुडवणं हे सगळं ठेवायचा ठरल्यावरच. मग ठेवलात की बादलीत किंवा घमेल्यात तोंड घालून नळीने एक-दोन मिनिटं श्वास घ्या, मान डावी-उजवी करा. रिव्ह्यूत कोणी कितीही तारे दिलेले असोत, ते त्यांच्या चेहऱ्याचे आहेत.

बोटीवर भाड्याचा मास्क घ्यायची वेळ आली तर?

मालवणला, तारकर्लीला, गोव्याच्या ग्रँड आयलंडला, अंदमानच्या एलिफंट बीचला सगळीकडे सेट पॅकेजमधेच देतात आणि एका ट्रिपला येणाऱ्या माणसाने स्वतःचा विकत घ्यायलाच पाहिजे असं मुळीच नाही. फक्त पहिला हातात येईल तो घेऊ नका. बोट किनाऱ्यावरून निघायच्या आधी किंवा जातानाच, पाण्यात उतरायच्या रांगेत नाही, दोन-तीन मास्क मागून घ्या आणि छताकडे, म्हणजे आभाळाकडे बघून लावून बघा. नम्रपणे मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही असा माझा अनुभव आहे. कड कुठे फाटलीय का, कडक झालीय का, बकल तुटलंय का हे बोट फिरवून बघा.

नळी मात्र स्वतःची घ्या, ती शेकडो लोकांच्या तोंडात गेलेली असते. तिला मास्कसारखं चेहऱ्याचं माप लागत नाही, बॅगेत मावते, आणि नसेल तर निदान गोड्या पाण्याने खळखळून धुऊन मागा.

काचेवर सारखी वाफ धरते, काहीच दिसत नाही.

नवीन मास्क असेल तर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर काचेवर आतून बसलेला असतो, तो निघाल्याशिवाय काही लावलं तरी उपयोग नाही. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नाही, काचेच्या आतल्या बाजूला बोटाने दोन-तीन मिनिटं घासा, धुवा, आणि असं तीन-चार वेळा करा. काचेवर आधीच वाफेविरोधी कोटिंग असेल तर मात्र घासू नका, कोटिंगच निघून जाईल. लायटरने काच जाळायचे व्हिडिओ आहेत, तसं करणारे जाणकार आहेतही, पण कड वितळवून बसलेले पण मी पाहिलेत. टूथपेस्ट पुरते.

पाण्यात उतरताना थुंकी. हो, तीच सगळ्यात चांगली. काच कोरडी असताना थुंकी लावून सगळीकडे पसरवायची, मग एकदाच पाण्यातून हलकेच खळबळून लगेच घालायचा. आधी मास्क भिजवलात तर थुंकी काचेला धरत नाही, इथेच बहुतेक लोक चुकतात. किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचे दोन थेंब पाण्यात, डोळ्याला झोंबत नाही. घालायच्या आधी चेहऱ्यावर पण समुद्राचं पाणी मारून घ्या, गरम घामेजल्या चेहऱ्यानेच वाफ होते. मधे ब्रेक घेताना मास्क कपाळावर चढवू नका, तिथे गरम होऊन परत वाफ धरतो, शिवाय लाट आली की गेला. गळ्यात खाली ओढून ठेवा.

सगळं बघून घेतला, घरी गळला नाही, समुद्रात मात्र पाणी येतंय. आता?

तुम्ही हसताय. खरंच सांगते. समोर काळे-पिवळे पट्टेवाले मासे आले की माणूस आपोआप हसतो, गालावर घड्या पडतात आणि तिथून थेंब थेंब आत. दुसरं कारण, नाकातून श्वास सोडणं. नकळत थोडी हवा नाकातून सुटली की कड उचलली जाते आणि पाणी शिरतं. श्वास तोंडानेच, आत पण आणि बाहेर पण, लांब आणि संथ. तिसरं, केस. चौथं, कड कुठेतरी आतल्या बाजूला दुमडलीय, सगळीकडून एक बोट फिरवा. यातलं काहीच नसेल तर मास्क तुमचा नाही, तो ज्याच्या चेहऱ्याला बसेल त्याला देऊन टाका.

आणि अर्ध्या तासात तळाशी चमचाभर पाणी जमलं तर ते चालतं बरं का, त्याला गळणं म्हणत नाहीत.

आत आलेलं पाणी वर न येता काढता येतं?

येतं, आणि हे एकदा जमलं की भीती निम्मी होते. फ्रेमची वरची कड तळहाताने कपाळावर दाबून धरा, किंचित वर बघा आणि नाकातून हवा सोडा, नाक शिंकरल्यासारखी पण हळू आणि लांब. हवा वर जमते आणि पाणी खालच्या कडेतून बाहेर ढकललं जातं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मुद्दाम थोडं पाणी आत घेऊन पाच-सहा वेळा करा. मावशीने मालवणच्या चिवला बीचवर सकाळी आठ वाजता, बाकी कोणी यायच्या आत, हेच केलं होतं, दहाव्या वेळेला तिने माझ्याकडे बघून अंगठा आणि बोट जुळवून ओके केलं.

नंतर धुवायचा कसा आणि किती वर्षं टिकतो?

गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, बकलच्या खाचेत मीठ आणि रेती अडकते ती काढा, सावलीत वाळवा. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका. पूर्ण कोरडा झाल्यावरच डब्यात, नाहीतर कडेच्या आत काळी बुरशी धरते, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात, जेव्हा समुद्र बंद आणि मास्क चार महिने कपाटात असतो. पारदर्शक मास्क काळ्या रबराच्या पंखांना चिकटवून ठेवलात तर काळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. डब्यात काच खाली, कड वर अशी ठेवा, कडेवर काही दाबून ठेवलं तर ती तशीच वाकडी बसते.

सिलिकॉनचा मास्क जपला तर बरीच वर्षं जातो. आधी पट्टा चिरतो, तो वेगळा मिळतो, बदलून घ्या, बॅगेत एक जास्तीचा ठेवलात तर उत्तम. कड चिकट लागायला लागली, तिला बारीक चिरा दिसायला लागल्या किंवा दुमडल्यावर परत सरळ होईना की मास्क बदलायचा. नवीन घेताना पण छताकडे बघून सुरुवात करा, ७ वर्षांत चेहरा पण बदललेला असतो.